रुजवात

बरेच दिवसांनी लिहितोय, त्याबद्दल नेहमीच्या वाचकांची माफी मागतो. नातेवाईक मंडळींपैकी ज्यांची "तुझ्या लिखाणात कॉम्प्युटर आला की आम्ही पान बंद करतो" अशी तक्रार आहे, त्यांना आधीच सांगतो की आजही कॉम्प्युटर आहे. पण आत्यासुद्धा आहे, आतोबांचं पुस्तक आहे आणि मी केलेली एक मोठी चूक आहे. तेव्हा थोडं सोसा.

आधी पार्श्वभूमी. नोकरीव्यतिरिक्त मी एक छोटासा प्रोग्रॅम सांभाळतो. पूर्वी, म्हणजे युनिकोड घरोघरी यायच्या आधी, आपण मराठी ज्या फॉन्टांत टाईप करायचो त्यांत अक्षरं मुळात इंग्रजीच असायची, फक्त अंगात मराठी कपडे. फॉन्ट काढून घेतला की पानभर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसायची. असा जुना मजकूर खऱ्या मराठीत, म्हणजे युनिकोडमध्ये, बदलून देणं एवढंच माझ्या प्रोग्रॅमचं काम. २००९ साली स्वतःच्या गरजेपोटी लिहिला आणि ओपन सोर्स म्हणून सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही घ्यावा, वापरावा, त्यात दुरुस्ती सुचवावी. "पैसे मिळत नाहीत तर करतोस कशाला?" हा प्रश्न लग्नकार्यात मला किमान दोनदा विचारला जातो. त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही... असो.

या कामात दोन गोष्टी सतत एकमेकींशी भांडत असतात. एक म्हणजे कमिट. प्रोग्रॅममध्ये काही बदल केला की तो वहीत नोंदवायचा, ती नोंद म्हणजे कमिट. बाबांच्या भाषेत रोजकीर्दीतली ओळ. दुसरी गोष्ट म्हणजे टेस्ट. केलेल्या बदलाने आधीचं काही बिघडलं नाही ना, हे तपासणारे छोटे छोटे प्रोग्रॅम. अमुक जुना मजकूर दिला तर तमुक नवा मजकूर मिळायला हवा, मिळाला तर हिरवी खूण, नाही तर लाल. टेस्ट लिहीत बसलं की काम रेंगाळतं, आणि नुसत्या कमिट करत सुटलं की कधीतरी तोंडावर आपटायला होतं.

आम्ही ज्या काळात हे सगळं शिकलो तेव्हा वारं पहिल्या बाजूने वाहत होतं. एरिक रेमंड यांचा 'द कॅथेड्रल अँड द बझार' हा निबंध १९९७ सालचा. कॉलेजात असताना तो मी प्रिंट काढून वाचला होता, चहाचे डाग पडलेली ती प्रत अजून कुठेतरी असेल. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं, की घडवलेलं लवकर लोकांच्या हातात द्या आणि पुनःपुन्हा देत राहा. बघणारे डोळे पुरेसे असले की चुका लपून राहत नाहीत. उदाहरण होतं लिनस टोरवाल्ड्स यांचं. १९९१ च्या सुमारास, लिनक्स अगदी बाळ असताना, ते कधीकधी एका दिवसात एकाहून जास्त आवृत्त्या बाहेर काढायचे. मला हे फारच आवडलं होतं. देवळाचा कळस चढेपर्यंत भक्तांना बाहेर उभं करायचं नाही, पाया खणतानाच आत घ्यायचं!

तर आता २०१८ सालातली ती रात्र.

एका वापरणाऱ्याने (हा गृहस्थ हिंदी मजकूर बदलत असे) तक्रार केली होती की माझ्या प्रोग्रॅममधून निघालेल्या मजकुरात शब्द शोधले तर सापडत नाहीत. डोळ्यांना शब्द बरोबर दिसतो, पण शोधलं की "आढळला नाही". कारण मला पाच मिनिटांत कळलं. युनिकोडमध्ये काही अदृश्य चिन्हं असतात. त्यांतलं एक अक्षरं जोडण्यासाठी असतं, त्याला रुंदी नाही, रूप नाही, छापलं तर शाई लागत नाही. माझा प्रोग्रॅम अर्धी अक्षरं बदलताना ही चिन्हं खिरापतीसारखी वाटत सुटायचा. मी एक ओळ लिहिली, शेवटी सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकणारी. टेस्ट चालवल्या. ४१ टेस्ट, ४१ हिरव्या. कमिटच्या वर्णनात लिहिलं, "अदृश्य कचरा काढला". १२.४० ला बदल चढवला आणि लगेच नवी आवृत्तीही काढली. दहा मिनिटांत त्या गृहस्थाचे आभार आले. काय झोप लागली होती त्या रात्री!

आता आतोबांकडे वळतो.

आमचे आतोबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. नोकरीतली बहुतेक वर्षं सातारा, पाटण, जावळी या पट्ट्यात पायी फिरण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी वह्यांमध्ये आठवणी लिहून ठेवल्या होत्या. २०१३ साली ते गेले. आत्या जिल्हा परिषदेतून मराठी टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेली. तिने त्या वह्या एकटीने टाईप करायला घेतल्या, अर्थातच तिच्या हाताला सवय होती त्या जुन्या फॉन्टात. जवळजवळ चार वर्षं रोज दुपारी दोन ते चार हे काम चालू होतं. त्या वेळात तिला फोन केलेला तिला आवडत नसे. पुस्तक पाचव्या वर्षश्राद्धाला काढायचं ठरलं. छापखान्याने युनिकोडमधली फाईल मागितली. माझ्या आतेभावाने माझाच प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि सबंध पुस्तक एका दमात बदललं. घरचाच प्रोग्रॅम, मग विचारायचं कुणाला!

६० प्रती छापल्या. साताऱ्याला घरी सगळे जमलो, जेवणं झाली, आणि मी पडवीत बसून पुस्तक उघडलं. तिसऱ्याच पानावर आतोबा कास पठाराच्या कडेला उभे राहून खाली बघत होते, आणि त्यांना दिसत होता दर्या. "दर्याच दर्या, नजर पोचेल तिथवर."

साताऱ्याहून दर्या!

पुढची पानं मी भराभर उलटली. पायऱ्यांच्या 'पायर्या' झाल्या होत्या, कोपऱ्यातल्या 'कोपर्यातल्या'. वाऱ्याचा 'वार्या', बिऱ्हाडाचं 'बिर्हाड', तऱ्हेचं 'तर्हे'. कोयनेच्या कामावर असताना कॅम्पातला जो आचारी होता, तो तर थेट बढती मिळून आचार्य झाला होता. "आचार्याने भातात मीठच घातलं नव्हतं."

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मराठीत र चा एक खास अवतार आहे. य आणि ह च्या आधी येणारा आडवा, पापणीसारखा र. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना वंदन करायचं, आचाऱ्यांना पगार द्यायचा. हा र हिंदीत नाही. तो युनिकोडमध्ये लिहायच्या दोन पद्धती आहेत. एकीत नुक्ता दिलेला ऱ वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त, आणि त्यापुढे तेच ते अदृश्य चिन्ह. २००९ साली मी दुसरी पद्धत निवडली होती. म्हणजे मी ज्याला कचरा म्हणून झाडून टाकलं, त्यातच माझ्या भाषेची पापणी होती. आणि माझ्या ४१ टेस्टांत एकही दऱ्या नव्हती, एकही वऱ्हाड नव्हतं. मला जे सुचलं होतं तेवढंच त्या टेस्ट तपासत होत्या. जे सुचलं नव्हतं ते मी कुठून तपासणार?

पण मला खरा धक्का यानंतर बसला. प्रुफं आत्याने स्वतः वाचली होती. ज्या बाईने तीस वर्षं साहेबांच्या मसुद्यांतल्या वेलांट्या सुधारल्या, तिच्या नजरेतून हे सुटलं कसं? मी विचारलं. ती म्हणाली, "सुटलं कुठं? दिसलं ना. पहिल्याच पानावर दिसलं. मी याला विचारलं, तर हा म्हणाला की आता युनिकोडमध्ये असंच असतं. म्हटलं असेल बाबा. आणि तुझं मशीन ते. तू केलंयस म्हणजे बरोबरच असणार."

(दादा, तू हे वाचत असशील तर रागावू नकोस. तुझी काहीच चूक नाही.)

पुण्याला परत येताना गाडीत मी हाच विचार करत होतो. लवकर द्या, वारंवार द्या, लोक चुका दाखवतील... हे सगळं एका गृहीतावर उभं आहे. बघणारा डोळा बोलेल, हे ते गृहीत. १९९१ मध्ये लिनक्स वापरणारी माणसं स्वतः प्रोग्रॅमर होती. बिघडलं की ती भांडायची, कधी दुरुस्ती करूनच पाठवायची. माझा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांत माझी आत्या होती. तिला चूक दिसली, पण तिने मशीनवर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास. त्या पाच आठवड्यांत आणखी किती जणांनी तो प्रोग्रॅम वापरला असेल कुणास ठाऊक. एकाचीही तक्रार आली नव्हती. नंतर दोघांना विचारलं तर एकाला वाटलं फॉन्ट खराब आहे, आणि दुसऱ्याने निमूटपणे सगळं हाताने दुरुस्त केलं होतं.

माझ्यापेक्षा फार मोठ्या माणसांनी हीच चूक केलेली आहे, हे आठवून मी मनाची समजूत घालत होतो. डेबियन या लिनक्सच्या नामवंत अवताराची २००६ सालची गोष्ट. त्यात ओपनएसएसएल नावाचा भाग असतो, गुप्त किल्ल्या तयार करणारा. तपासणीची एक हत्यारं असतात, ती "इथे भरवशाचं नसलेलं काहीतरी वाचलं जातंय" अशी कुरकुर करत होती. ती कुरकुर थांबवायला कुणीतरी एकदोन ओळी बंद केल्या. त्या ओळींतूनच किल्लीला लागणारी यादृच्छिकता, म्हणजे कुणाला अंदाज लागू नये असा बेभरवसा, येत होता. मग उरला काय, तर चालू प्रोग्रॅमचा क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर एका मापाच्या किल्ल्या जेमतेम ३२ हजारांच्या आसपास! सगळ्या करून बघायला कितीसा वेळ लागतो? किल्ल्या तयार होत होत्या, कुलपं उघडत होती, वरवर सगळं ठाकठीक. हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये. सगळ्यांसमोर ठेवलेला कोड, आणि तरी जवळजवळ दोन वर्षं. त्या माणसानेही कचराच काढला होता.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला बसलो तेव्हा एक गंमत झाली. शेवटची चांगली आवृत्ती आणि ही वाईट आवृत्ती यांच्यामध्ये साठेक कमिट होत्या. गिटमध्ये बायसेक्ट म्हणून सोय असते. ती मधली कमिट काढून देते आणि विचारते, इथे बरं आहे की वाईट? आपण सांगितलं की अर्धा ढीग बाजूला. पुन्हा मधली. साठ कमिटांतून सहा प्रश्नांत ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, एका ओळीची कमिट, "अदृश्य कचरा काढला". मी जर महिनाभराचं काम एकगठ्ठा नोंदवलं असतं तर शोधत बसलो असतो. म्हणजे भराभर केलेल्या छोट्या कमिटांनीच मला गुन्हेगार पकडून दिला. हे मला तेव्हा दिसलं, पण कळायला आणखी तीन वर्षं लागली.

संध्याकाळी आत्याला फोन केला. म्हटलं, मला असे शब्द सांग ज्यांत तो र येतो. ती म्हणाली, "लिहून घे," आणि सुरू झाली. दऱ्या, वाऱ्या, न्याऱ्या, तोऱ्यात, कोऱ्या, गोऱ्या, चऱ्हाट, गुऱ्हाळ, वऱ्हाडी, पाऱ्याचं, खऱ्याचं, शेतकऱ्याचं, सोयऱ्याधायऱ्यांचं... मधेच "थांब, दूध उतू जातंय" करून पुन्हा आली. एकूण ११२ शब्द. प्रोग्रॅमच्या टेस्टांमध्ये त्या फाईलचं नाव 'आत्या' आहे. परदेशातल्या एकाने विचारलंही होतं की हा काय शॉर्टफॉर्म आहे म्हणून.

त्या फोनवर तिने अजून एक गोष्ट सांगितली. "आमच्याकडं नक्कल काढली की खाली दोन सह्या लागायच्या. नक्कल करणार आणि रुजवात घेणार. एक बाई मूळ कागद मोठ्यानं वाचायची, दुसरी नकलेवर बोट ठेवून बघायची. जिनं टाईप केलं तिनं स्वतः रुजवात घ्यायची नाही. तिला स्वतःची चूक दिसतच नाही, तिला जे टाईप करायचं होतं तेच दिसतं." एवढं बोलून तिने विचारलं, "तुमच्याकडं रुजवात कोण घेतं?"

आमच्याकडे त्याला रिव्ह्यू म्हणतात, आणि माझ्या प्रोग्रॅमात तो घेणारा मीच होतो.

इथपर्यंतची गोष्ट ऐकली की लोक म्हणतात, बरोबर, आधी टेस्ट आणि मगच कमिट. मीही तेच ठरवलं आणि पार दुसऱ्या टोकाला गेलो. नियमच केला. टेस्ट नसेल तर कुणाचाही बदल घेणार नाही. प्रत्येक बदल दोघांनी बघायचा. वर्णन अमुक पद्धतीनेच लिहायचं. २०२० मध्ये मराठवाड्यातल्या एका विद्यार्थ्याने एक बदल पाठवला. त्याच्या गावाकडच्या छापखान्यांत चालणाऱ्या एका जुन्या फॉन्टाची सगळी जुळणी त्याने लावली होती. शेकडो अक्षरं! टेस्ट मात्र एकही नव्हती. मी लिहिलं, टेस्ट जोडा. त्याने काही जोडल्या. मी लिहिलं, या पुरेशा नाहीत. त्याने आणखी जोडल्या. मग मला नावांची पद्धत खटकली. मग माझ्या ऑफिसात गडबड होती. मग दिवाळी. सात महिन्यांनी मी शांतपणे बघायला बसलो तेव्हा त्याने स्वतःचा बदल मागे घेतला होता. काही भांडण नाही, एक शब्द नाही. त्याने माझ्या प्रोग्रॅमची प्रत काढून वेगळं दुकान थाटलं होतं आणि त्याच्या भागातले लोक तेच वापरत होते. बरोबरच केलं त्याने.

आत्याने चूक बघून गप्प बसणं आणि या मुलाने कंटाळून गप्प निघून जाणं, दोन्ही वेळी मला काही ऐकू आलं नाही. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी माझ्या सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या.

घाई न करण्याचा दबाव सोसणंही सोपं नसतं, हेही इथेच लिहून टाकतो. एक्सझेड नावाचं एक छोटं, जुनं, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणारं साधन आहे. ते एकच माणूस मोकळ्या वेळात सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याच्यामागे काही जण लागले, की बदल इतके हळू का घेता, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. मदतीला एक तत्पर सहकारी हजरच होता, त्याच्या हाती हळूहळू किल्ल्या गेल्या. मार्च २०२४ मध्ये कळलं की त्या सहकाऱ्याने आत चोरदरवाजा बसवला होता. आणि तो लपवला कुठे होता? टेस्टांसाठी ठेवलेल्या फायलींमध्ये! तिथे कोण बघतंय? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून तो सापडला. अर्धा सेकंद. बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा त्या एकट्या सांभाळणाऱ्याचीच कणव आली. "हळू का?" असं विचारणाऱ्या पत्रांना उत्तरं देताना काय वाटतं ते मला माहीत आहे.

मग तोल साधायचा कसा? इतरांचं बघून मी काही उचललं. एसक्यूलाईट नावाचा डेटाबेस आपल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतो. त्याची मंडळी सांगतात की त्यांच्या प्रत्येक ओळीमागे टेस्टांच्या सुमारे ५९० ओळी आहेत. ऐकूनच छाती दडपते. पण ते बाहेरच्यांचे बदल सहसा घेत नाहीत. कोड सगळ्यांसाठी खुला, स्वयंपाकघर मात्र सोवळ्यातलं. ते त्यांना शोभतं, मला परवडणारं नाही. माझं स्वयंपाकघर येणाऱ्याजाणाऱ्यांवरच चालतं.

लिनक्सचं आजचं वेळापत्रक मला जास्त पटलं. एका दिवसात दोन आवृत्त्या काढणारे टोरवाल्ड्स आता नऊ-दहा आठवड्यांनी एक काढतात. पहिले दोन आठवडे दार उघडं, एका फेरीत दहा हजारांहून जास्त कमिट येतात. मग दार बंद, आणि पुढचे सात-आठ आठवडे फक्त दुरुस्त्या, दर रविवारच्या आसपास एक चाचणीची आवृत्ती. म्हणजे वेग गेला नाही, पण तो वापरणाऱ्याच्या अंगावर येत नाही. मी त्या रात्री कमिट लगेच केली ही चूक नव्हतीच. रोजकीर्दीत ओळ लिहायला कसली भीती, खोडून नवी लिहिता येते. मी दहा मिनिटांत आवृत्ती बाहेर काढली, ही चूक. रोजकीर्द आणि छापलेलं पुस्तक या दोन गोष्टी मी एक धरून चाललो होतो.

आणि एक गोष्ट हार्फबझकडून घेतली. तुम्ही हे पान वाचताय त्यातली जोडाक्षरं कदाचित तोच जुळवत असेल. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, सगळीकडे तो असतो. २०१२ मध्ये बेहदाद एस्फाहबोद हे त्याचा भारतीय लिप्यांचा भाग लिहीत होते. त्यांनी विकिपीडियातले शब्द काढले, नुसते देवनागरीतले सात लाखांवर, आणि प्रत्येक शब्द मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेशी ताडून पाहिला. त्या काळातल्या कमिटा वाचायला मजा येते. बदल केला की खाली हिशोब, बंगालीत इतके शब्द चुकले, देवनागरीत इतके, तमिळमध्ये इतके. पुढच्या कमिटीत आकडा कमी. दिवसात अशा कित्येक. वेग आणि टेस्ट यांचं भांडण त्या पानांवर मिटलेलं दिसतं, कारण टेस्टचे शब्द त्यांनी डोक्यातून काढले नव्हते, लोकांच्या लिखाणातून काढले होते. मला ४१ सुचले, माझ्या आत्याला ११२ सुचले, पण सात लाख कुणालाच सुचत नाहीत.

आता माझ्याकडे मराठी विकिपीडियातल्या शब्दांची यादी आहे. प्रत्येक शब्द जुन्या फॉन्टात नेऊन परत आणायचा आणि निघाला तसाच आला का ते बघायचं. मशीनने घेतलेली रुजवात. नवीन माणसाने काही पाठवलं तर मी टेस्ट मागत नाही, शक्यतो आठवड्याच्या आत घेऊन टाकतो आणि टेस्ट मीच लिहितो. आवृत्ती मात्र महिन्यातून एकदा, आणि त्याआधी कुणीतरी दुसरा डोळ्यांनी दोन पानं वाचतो. मराठवाड्यातल्या त्या मुलाला गेल्या वर्षी पत्र लिहिलं, माफीचं. त्याचं उत्तर आलं, सभ्य, दोन ओळींचं. तो परत आलेला नाही.

गेल्या दिवाळीत साताऱ्याला गेलो होतो. आत्याने तिची प्रत दाखवली. निळ्या पेनने तिने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत प्रत्येक र ला पापणी काढली आहे. इतकी बारीक आणि सुबक की छापील वाटावी. मी पानं चाळत होतो, आणि कोयनेच्या प्रकरणात ते वाक्य तसंच दिसलं. आचार्याने भातात मीठच घातलं नव्हतं.

"आत्या, हे एक राहिलं."

"राहिलं नाही. मुद्दाम ठेवलंय," ती म्हणाली. "ते त्याला आचार्यच म्हणायचे. फार शिकवायचा सगळ्यांना."

मग चष्मा काढून पुसत विचारलं, "आणि काय रे, त्या तुझ्या यादीत कऱ्हाड घातलंस का? त्या दिवशी मी सांगायची विसरले होते."

यादीत नव्हतं. लॅपटॉप गाडीतच होता.